विजयादशमी आणि निःशस्त्र वीर

आज विजयादशमी. शस्त्रपूजन, ग्रंथपूजन, अपराह्णी शमीपूजन व सीमोल्लंघन, आणि सायंकाळी आपट्याची पाने हाती घेऊन वडीलधाऱ्यांच्या पायांवर मस्तक ठेवणे, हा या सणाचा क्रम आपल्या घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. प्रभू रामचंद्रांनी रावणाचा वध केला तो या तिथीस. पांडवांनी शमीच्या ढोलीतून आपली आयुधे पुन्हा हाती घेतली तीही या तिथीस. आणि नऊ रात्रींच्या संग्रामानंतर जगदंबा महिषासुरमर्दिनी झाली, तिच्या विजयाचाही हाच दिवस. तेव्हा हा सण वीरांचा आहे, यात शंका नाही. अशा दिवशी वीर कोणास म्हणावे, याचा थोडा विचार करणे सणास धरूनच होईल.

आपल्या महाराष्ट्रात वीराची खूण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. कित्येक घरांच्या देवघरांत कुलस्वामीच्या शेजारी पूर्वजांतील वीराचा टाक असतो. गावाच्या शिवेवर अथवा शिवालयाच्या आवारात वीरगळ उभा असतो. त्याच्या तळाशी युद्धाचे शिल्प, त्यावर अप्सरांनी वीरास स्वर्गी नेल्याचे शिल्प, आणि शिरोभागी शिवलिंगाची पूजा करीत बसलेला तो वीर. गावाची गुरे पळविणाऱ्यांशी झुंजताना, गावासाठी देह ठेवलेल्या कोणा अनामिकाची ती आठवण. त्या दगडास शेंदूर लावणाऱ्या हातांना त्याचे नाव ठाऊक नसते; परंतु तो आपल्यासाठी मेला, एवढे ठाऊक असते.

हे ध्यानी घेऊन आज एका वेगळ्या दृष्टीकडे वळावे असे योजिले आहे. ख्रिस्ती धर्म आपल्या शेजारी कित्येक शतके नांदतो आहे. त्या धर्माने वीर कोणास म्हटले? आणि त्या व्याख्येचा आपल्या पुण्याशी, किंबहुना आपल्या कोथरूडाशी काही संबंध आहे काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

साहित्यशास्त्रातील चार वीर

प्रथम आपल्या घरचे भांडार पाहू. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वीररसाचे तीन भेद सांगितले : दानवीर, धर्मवीर व युद्धवीर. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने साहित्यदर्पणात त्यांच्या जोडीस दयावीर बसविला. सतराव्या शतकात पंडितराज जगन्नाथाने रसगंगाधरात असा मुद्दा मांडला की, वीराचे भेद चारांवरच थांबविण्याचे कारण नाही. सत्यवीर, पांडित्यवीर, क्षमावीर असेही वीर मानता येतील. या सर्वांचा स्थायिभाव एकच, तो म्हणजे उत्साह. तलवार हा वीराचा प्राण नव्हे. कठीण कार्याला सामोरे जाताना ज्याचे चित्त मागे सरत नाही, तो वीर.

दयावीराचे उदाहरण म्हणून विश्वनाथाने कोणाचे नाव घेतले आहे, हे विशेष पाहण्याजोगे आहे. ते नाव जीमूतवाहनाचे. हा श्रीहर्षाच्या नागानंद नाटकाचा नायक. गरुडाच्या भक्ष्यस्थानी पडावयास निघालेल्या शंखचूड नागाच्या जागी तो स्वतः वध्यशिलेवर जाऊन बसतो आणि आपले शरीर गरुडापुढे ठेवतो. या नाटकाच्या नांदीत स्तुती आहे ती बुद्धाची. आणि शेवटी जीमूतवाहनास जीवदान देते ती गौरी. आपल्या शास्त्रकारांनी दयेचा आदर्श निवडताना नांदी कोणाची आहे हे पाहिले नाही, कृती पाहिली. ही गोष्ट वाचकांनी मनात जपून ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

पाय धुणारा स्वामी

आता ख्रिस्ती दृष्टी. जुन्या ग्रीक लोकांचा वीर म्हणजे अकिलीस : देवकुळातला, अजिंक्य, मानभंग होताच क्रोधाने पेटणारा, कीर्तीसाठी अल्पायुष्य पत्करणारा. रोमनांचा वीर म्हणजे रथात बसून, पराजितांना साखळदंडांनी जखडून राजधानीत मिरविणारा सेनापती. अशा त्या जगात ख्रिस्ती लोकांनी आपला आदर्श म्हणून समोर ठेवला तो एका सुताराघरचा पुरुष. अपराध्याप्रमाणे त्यास क्रुसावर खिळण्यात आले होते.

शुभवर्तमानांतील तीन प्रसंग ही दृष्टी समजण्यास पुरेसे आहेत. अखेरच्या भोजनाच्या रात्री येशू पंगतीतून उठला, कमरेस रुमाल गुंडाळला आणि एकेका शिष्याचे पाय धुऊ लागला. त्या काळी ते काम घरच्या दासाचे. पेत्र संकोचाने मागे सरला, तरी त्याने ऐकले नाही. ज्याने त्यास धरून देण्याचे ठरविले होते, तो यहूदाही त्या पंगतीत होता. दुसरा प्रसंग त्याच रात्रीचा. शिपाई धरावयास आले तेव्हा पेत्राने तलवार उपसून एकाचा कान छाटला. येशूने त्यास तलवार म्यानात घालावयास लावली. आणि तिसरा प्रसंग क्रुसावरचा. खिळे ठोकणाऱ्यांना क्षमा व्हावी अशी त्याने पित्याजवळ प्रार्थना केली.

त्याच रात्री गेथशेमाने बागेत येशूला मरणाचे भय वाटले, हा पेला टळेल तर टळो असे त्याने देवास विनविले, हेही शुभवर्तमानकारांनी झाकून ठेवलेले नाही. भय न वाटणे हे तेथे वीराचे लक्षण मानलेले नाही. भय वाटत असता प्रेमासाठी पाऊल पुढे टाकणे हे लक्षण मानले आहे.

यातून त्या धर्मात वीरास एक नवे नाव मिळाले. धर्मासाठी प्राण देणाऱ्यास ग्रीक भाषेत जो शब्द योजिला, त्याचा मूळ अर्थ साक्षीदार. आपले मराठी ख्रिस्ती बांधव त्यास 'रक्तसाक्षी' म्हणतात; शब्द मोठा अर्थवाही आहे. इ. स. १७७ मध्ये फ्रान्सातील ल्यों नगरीत छळ सोसून प्राण देणाऱ्यांत ब्लांदिना नावाची एक दासी होती. तिच्या धैर्याची कथा त्या धर्माच्या प्राचीन इतिहासात मोठ्या मानाने नोंदलेली आहे. राजपुत्राच्या पंक्तीला दासी आली, ती या मार्गाने. पुढे पाचव्या शतकात आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे धर्माध्यक्ष संत ऑगस्टीन यांनी 'देवाची नगरी' या ग्रंथात म्हटले की, धर्मसंघाच्या भाषेची रीत आड येत नसती तर या रक्तसाक्षींनाच आपण वीर म्हटले असते. आणि आजही कॅथलिक पंथात एखाद्यास संतपद द्यावयाचे असता, त्याने श्रद्धा, आशा, प्रीती आदी सद्‌गुण वीरास शोभेल इतक्या पराकोटीने आचरले होते काय, याची कसून चौकशी होते.

तात्पर्य, ख्रिस्ती वीराची लक्षणे अशी सांगता येतील : तो दुसऱ्यास जिंकीत नाही, दुसऱ्याचा भार उचलतो, ज्यास जगाने टाकले त्याच्यापाशी तो जातो, आघाताची परतफेड करीत नाही, आणि जे बळ त्याच्या हातून प्रकट होते ते स्वतःचे न मानता देवाच्या कृपेचे मानतो.

पौराणिकाची लेक

ही लक्षणे ग्रंथात वाचणे निराळे आणि आपल्या मातीत चालताना पाहणे निराळे. आपल्या मातीत ती ज्यांच्या ठायी दिसली, त्या पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या कर्नाटकातील रानात, गंगामूळ येथे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविले आणि त्यापायी स्वजनांचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडले. देवळाच्या ओवरीत पोथी उघडावी, श्लोक म्हणावेत, श्रोत्यांनी जे वाहिले त्यावर निर्वाह करावा. आम्हा कीर्तनकार-पौराणिकांचा तोच व्यवसाय. म्हणून रमाबाई म्हणजे आमच्याच व्यासपीठाची लेक, असे मी मानतो.

दुष्काळ आला आणि पोथीपुढे धान्य पडेनासे झाले. १८७४ मध्ये थोड्याथोड्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण अन्नावाचून गेली. रमाबाईंचे वय त्या वेळी सोळा. उरलेल्या भावासह ती मुलगी अनवाणी देशभर हिंडली. भागवत तिला मुखोद्गत होते. १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली, तेव्हा तेथील विद्वानांनी परीक्षा पाहून तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. नंतर भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. दोन वर्षांच्या आत, १८८२ मध्ये, तेही पटकीने गेले. मांडीवर मनोरमा नावाची लहानगी. त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज येथील जोगिणींच्या आश्रमात राहत असता त्यांनी लंडनजवळ फुलम येथील एक गृह पाहिले. जगाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय होता, आणि सुशिक्षित भगिनी त्यांची शुश्रूषा करीत होत्या. अशा स्त्रियांची अशी सेवा रमाबाईंनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी कारण विचारले. उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली : परजातीची, लोकनिंदेची धनी झालेली ती स्त्री, आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिच्याशी धर्माचे गूढ बोलणारा येशू. रमाबाईंच्या मनात जे पालटले ते या कथेने, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांचे हे धर्मांतर तेव्हाच्या समाजास झोंबले. आज हे पान वाचणाऱ्या घरांतही कित्येकांना ते रुचणार नाही. मलाही ती वाट आपली वाटत नाही. अठरा पुराणांच्या सागरात दयेचे मोती थोडे नाहीत, अशी माझी निष्ठा आहे. परंतु निष्ठावंताने एक प्रश्न स्वतःस विचारावा. रंतिदेवाचे आख्यान त्या मुलीला पाठ होते. स्वतः उपाशी राहून शेवटचे पाणीही तहानेल्यास देणारा, मोक्ष नाकारून जीवमात्राचे दुःख मागणारा तो राजा भागवतातच आहे. तेच भागवत सांगत ती तीर्थांतून हिंडत होती आणि तिचे आईबाप तिच्यादेखत भुकेने जात होते. रंतिदेवाची कथा ऐकून माना डोलावणारे पुष्कळ भेटले; रंतिदेव भेटला नाही. दोष पोथीचा नव्हता. पोथी मिटल्यावर उठून जाणाऱ्यांचा होता.

शारदा सदन आणि हिंगण्याची झोपडी

परदेशातून परतून रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी विद्यालय उघडले. नाव ठेवले शारदा सदन. नवरात्रात आपण जिचे आवाहन करतो त्या शारदेचे नाव त्यांनी, ख्रिस्ती झाल्यावरही, आपल्या संस्थेला दिले. पहिल्या विद्यार्थिनींत कोकणातील एक बालविधवा होती, गोदूबाई. पुढल्या वर्षी सदन पुण्यास आले. ११ मार्च १८९३ रोजी, सदनास बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्याच तारखेस, गोदूबाईंचा पुनर्विवाह फर्ग्युसन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकांशी झाला. ते प्राध्यापक म्हणजे धोंडो केशव कर्वे. आणि गोदूबाई म्हणजे पुढे सर्वांच्या बाया झालेल्या आनंदीबाई कर्वे.

कोथरूडच्या रहिवाशांना पुढचा भाग सांगावयास नको. विधवेशी विवाह केला म्हणून कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये प्लेगच्या दिवसांत तो शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. दिवसभर कॉलेजात शिकवून कर्वे चिखल तुडवीत शहरातून हिंगण्यास पायी जात. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, आश्रमासाठी झोळी घेऊन गावोगाव आणि पुढे अमेरिकेपर्यंत हिंडल्या. त्या झोपडीतून १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. १९५८ मध्ये शंभरीस पोचलेल्या कर्व्यांना भारतरत्न मिळाले. कर्वे आणि रमाबाई हे दोघेही १८५८ च्या एप्रिल महिन्यातले. त्यांच्या जन्मांत अवघ्या पाच दिवसांचे अंतर.

आज कोथरूडच्या चौकात महर्षींचा पुतळा आहे, त्यांच्या नावाचा रस्ता आहे, आणि त्याच रस्त्यावर मृत्युंजयेश्वराच्या दर्शनास आपण जातो. त्या पुतळ्यापुढे हात जोडताना, आश्रमाच्या आधाराचा हात होऊन राहिलेली बाया ज्या घरात अक्षरे शिकली त्या घराचीही आठवण ठेवावी. कर्वे ख्रिस्ती झाले नाहीत, बायाही झाल्या नाहीत. एका दिव्यावर दुसरा दिवा लावून घेतला, इतकेच. दिवा लावून घेण्यासाठी देव्हारा बदलावा लागत नाही.

आघात आणि परतफेड

१८९३ हेच वर्ष रमाबाईंच्या कसोटीचे ठरले. प्रार्थनेच्या वेळी त्या आपल्या खोलीचे दार उघडे ठेवीत आणि सदनातील काही मुली येऊन बसत. धर्मात ढवळाढवळ करणार नाही या आश्वासनाचा हा भंग आहे, असा आक्षेप आला. 'केसरी'ने कठोर टीका केली. सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी अंग काढून घेतले. पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या. आक्षेप घेणारे क्षुद्र नव्हते. आपली लेक ज्यांच्या हाती सोपविली, त्यांनी दिलेला शब्द काटेकोर पाळावा ही अपेक्षा रास्तच होती. आणि ऐकावयास आलेल्यास दारातून परतवू नये, हे रमाबाईंचे म्हणणेही त्यांच्या श्रद्धेस धरून होते. वाद खरा होता, आणि तो आजही पुसून टाकण्याजोगा नाही.

परंतु वीराची पारख वादात होत नाही, वादानंतर होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. सोळाव्या वर्षी भुकेने आईबाप गमावलेली ती स्त्री उठली आणि तिकडे गेली. रस्त्याकडेला पडलेल्या, दलालांच्या हाती सापडू पाहणाऱ्या शेकडो मुलींना घेऊन परतली. त्यांच्यासाठी सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. विहिरी खोदल्या, शेती केली, माग चालविले, छापखाना काढला. अंध मुलींना शिकविले. आणि ज्यांना कोणतेच दार उघडे नव्हते अशा पतित मानलेल्या स्त्रियांसाठी निराळे कृपासदन बांधले. १९०० च्या सुमारास तेथे १,५०० च्या आसपास माणसे आश्रयास होती. ज्या समाजाने त्यांना बोल लावला, त्याच समाजाच्या टाकलेल्या लेकी त्या उचलीत होत्या. परतफेड झाली ती अशी.

रमाबाईंनी अखेरपर्यंत साधी पांढरी सुती साडी व शाकाहार सोडला नाही. हिब्रू व ग्रीक शिकून साऱ्या बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणाचा आहे. दूरदेशीच्या लोकांनी त्यांना आपल्या थोरांच्या मालिकेत बसविले. आपण कोठे बसवावयाचे?

मला वाटते, जीमूतवाहनाच्या शेजारी. नांदी बुद्धाची असूनही विश्वनाथाने ज्याला दयावीर म्हटले, त्याच्या पंक्तीला ही ख्रिस्ती झालेली पौराणिकाची लेक बसविताना आपल्या शास्त्राचा कोणताही नियम मोडत नाही. रामकथेतही रथारूढ रावणापुढे पायी उभ्या रघुवीरास पाहून बिभीषण चिंतित होतो, तेव्हा विजयाचा खरा रथ निराळा आहे, त्यात क्षमा आहे, कृपा आहे, समता आहे, असे प्रभू त्यास समजावतात. तुलसीदासांनी हा प्रसंग ऐन लंकाकांडात रंगविला आहे. पराभूत जटायूचे अंत्यसंस्कार रामरायाने पित्याप्रमाणे केले. रावणास अडविणारा तो वृद्ध पक्षी हरला होता, तरी वीरच होता. ख्रिस्ती दृष्टीने जे सांगितले ते आपल्या दृष्टीस अगदी परके आहे, असे म्हणवत नाही.

आजचे सीमोल्लंघन

राहिला प्रश्न आपल्या उंबरठ्याचा. कालपर्यंत नऊ दिवस आपल्या घरी सवाष्णी जेवल्या, ओट्या भरल्या, कुमारिकांचे पाय धुतले. त्याच घराच्या आतल्या खोलीत, किंवा शेजारच्या दाराआड, कपाळाचे कुंकू गेलेली एखादी सून, काकू वा आत्या बसून होती काय? तिला कोणी बोलाविले काय? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की, पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा आपल्या गावात बंद. एका खेड्याने आपली शीव ओलांडली. रमाबाई, कर्वे, बाया यांना जाऊन किती दशके लोटली, तरी हा ठराव करण्याची गरज राहिली होती, हेही आपण ध्यानी घ्यावे.

गावाची शीव ओलांडणे आता सोपे झाले आहे. कोथरूडची शीव तर कोठे संपते हेच कळेनासे झाले आहे. अवघड आहे ते घरातल्या घरात सीमोल्लंघन करणे. आज सायंकाळी आपट्याचे सोने लुटून घरी याल, तेव्हा पहिले पान देवापुढे ठेवावे. दुसरे पान, जिला आजवर कोणी सणाच्या पंक्तीत बोलाविले नाही, तिच्या हाती द्यावे. आणि वयाने ती मोठी असेल तर वाकून तिच्या पायांना हात लावावा.

शस्त्राविना होणारे हे सीमोल्लंघन जगदंबेस मान्य होईल, अशी माझी श्रद्धा आहे. सर्व वाचकांना विजयादशमीचे शुभचिंतन.